विषाणू गेला, मग तळपाय का जळतात?

प्रश्न: माझं वय ५२. हिपॅटायटिस सी साठी सोफोस्बुविर आणि वेल्पाटासविरचा १२ आठवड्यांचा कोर्स केला. कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा रक्तात विषाणू सापडला नाही. त्याला आता १४ महिने झाले. यकृताचे आकडे चांगले आहेत, सिरॉसिस नाही. पण उपचारांच्या आधीपासून तळपायांची जी आग होत होती ती थांबलेली नाही. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, बोटं बधिर आहेत, पायात कायम मोजा असल्यासारखं वाटतं. पूर्वी नडग्यांवर बारीक लाल ठिपके उठायचे, ते आता क्वचित येतात. नसांची विजेची तपासणी नॉर्मल आली. क्रायोग्लोब्युलिनची तपासणी केली, घरी येऊन रक्त घेऊन गेले होते, तीही निगेटिव्ह. अँटीबॉडी मात्र पॉझिटिव्ह आल्यामुळे धसका बसला आहे. नसांसाठी म्हणून ताकदीच्या गोळ्या वर्षभर रोज दोन घेते आहे. डॉक्टर म्हणतात, आजार बरा झालाय, याचा त्याच्याशी संबंध नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. आजार परत आला आहे का? पुन्हा कोर्स करावा का?

उत्तर:

आधी धसक्याचं बघू, कारण ते सर्वांत सोपं आहे. हिपॅटायटिस सी ची अँटीबॉडी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं, बहुतेकांत जन्मभर, पॉझिटिव्ह राहते. शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच ती सांगते. विषाणू आत्ता आहे की नाही, हे आरएनए तपासणी सांगते. रिपोर्टवर तिला बरेचदा व्हायरल लोड म्हटलेलं असतं. औषधं संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही म्हणजे आजार बरा झाला असं धरतात आणि त्यानंतर तोच विषाणू आपणहून उलटणं फार दुर्मीळ आहे. नव्यानं संसर्ग मात्र होऊ शकतो, कारण एकदा बरं झाल्यानं संरक्षण मिळत नाही. म्हणून आरएनए एकदा पुन्हा करून घ्या आणि तो सापडला नाही तर हा विषय मिटवा. पुढच्या कुठल्याही तपासणीच्या वेळी 'उपचार झालेले आहेत, आरएनए तपासा' असं आधीच सांगा, नाहीतर दरवेळी हाच धसका बसेल. पुन्हा कोर्स करण्याचा प्रश्न आरएनए सापडला तरच येतो. तुमच्या गोळ्यांनी नसा बिघडवल्या असतील अशी शंका पुष्कळांना येते. या दोन औषधांचे नेहमीचे त्रास म्हणजे डोकेदुखी आणि थकवा. नसांचा विकार हा त्यांचा ओळखीचा दुष्परिणाम नाही आणि तुमची आग तर गोळ्यांच्या आधीची आहे.

आता डॉक्टरांच्या वाक्याकडे येऊ. 'आजार बरा झालाय' हे बरोबर आहे. 'याचा त्याच्याशी संबंध नाही' हे मात्र तपासल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि तुमच्या पत्रात त्याच्या उलट सांगणारी एक खूण आहे: नडग्यांवरचे ठिपके.

हा विषाणू यकृतात राहतो, पण वर्षानुवर्षं तो प्रतिकारसंस्थेच्या बी पेशींना चिथावत राहतो. त्यातून काही जणांच्या रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं तयार होतात. ३७ अंशांच्या खाली, थंडीत खोबरेल तेल थिजावं तशी ती साकळतात आणि ऊब मिळाली की पुन्हा विरघळतात. या प्रथिनांची जाळी बारीक रक्तवाहिन्यांत अडकली की तिथे दाह होतो. त्वचेत झाला तर ठिपके, सांध्यांत झाला तर दुखणं, मूत्रपिंडात झाला तर लघवीतून प्रथिनं किंवा रक्त. मज्जातंतूंनाही रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या असतात. त्या बंद पडल्या की तंतूचा आतला धागा उपासमारीनं मरतो. सगळ्यांत लांब तंतू तळपायांपर्यंत जातात आणि सगळ्यांत आधी तेच हरतात. म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि त्रास मोज्याच्या आकारात वर चढतो.

विषाणू गेल्यावर काय होतं, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चिथावणी थांबते, पण चिथावलेल्या बी पेशी लगेच गप्प बसतीलच असं नाही. काही जणांत ही प्रथिनं विषाणू गेल्यानंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षं, थोड्या प्रमाणात बनत राहतात. म्हणजे आत्ता तुमच्या पायात दोनपैकी एक गोष्ट चालू असू शकते. जुनी जखम हळूहळू भरते आहे, किंवा जखम करणारं अजून तिथेच आहे. दोन्हींत आग सारखीच होते, उपाय मात्र वेगळे. ठिपके 'क्वचित' का होईना, येतात हे तुम्ही लिहिलं आहे. आमच्या मते तुमच्या पत्रातलं ते सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे, आणि त्यामुळे दुसरी शक्यता नीट तपासल्याशिवाय सोडू नये.

तपासणी तर निगेटिव्ह आली, असं तुम्ही म्हणाल. पण रक्त घरी येऊन घेतलं आणि नेलं, तिथेच शंका येते. क्रायोग्लोब्युलिनच्या तपासणीत यंत्रापेक्षा वाट जास्त चुकते. नळी वाटेत गार झाली की प्रथिनं तिथेच साकळतात, रक्ताच्या गुठळीबरोबर तळाशी बसतात आणि सीरम, म्हणजे गुठळीवर उरणारं पाणी, वेगळं काढताना टाकून दिली जातात. मागे उरलेल्या सीरममध्ये काही सापडणार कसं? रिपोर्ट अगदी प्रामाणिकपणे निगेटिव्ह येतो. म्हणून ही तपासणी पुन्हा करा, आणि ती लॅबमध्ये जाऊनच करा. जाण्याआधी फोन करून एवढं विचारा: सुई, सिरिंज आणि नळी आधी ३७ अंशांना गरम करता का? रक्त साध्या नळीत, म्हणजे गोठू न देणारं रसायन आणि जेल नसलेल्या नळीत घेता का? गुठळी होईपर्यंत, साधारण तासभर किंवा जास्त, नळी ३७ अंशांच्या पाण्यात किंवा इन्क्युबेटरमध्ये ठेवता का? सीरमही उबेतच वेगळं करता का? त्यानंतर सीरम ४ अंशांना ठेवून सात दिवस पाहता का? साकळलेलं काही दिसलं तर ते पुन्हा ३७ अंशांना विरघळतं का, हेही पाहायला हवं, कारण विरघळलं तरच ते क्रायोग्लोब्युलिन. रक्त १० ते २० मिलिलिटर लागतं, एक छोटी नळी पुरत नाही. जेवणानंतरच्या चरबीनं सीरम गढूळ होतं, म्हणून उपाशीपोटी गेलेलं बरं. दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट देतो म्हणणारी लॅब ही तपासणी अर्धवट करते आहे असं समजा. काही प्रकारची प्रथिनं खाली बसायलाच कित्येक दिवस घेतात. फोनवर या प्रश्नांना 'हो, हो' एवढंच उत्तर आलं तर नमुना घेणाऱ्या तंत्रज्ञाशी बोला. त्यांना हे काम माहीत असेल तर दोन वाक्यांत कळतं.

याच वेळी रक्तातलं सी-४ (दाहात खर्ची पडणारं प्रतिकारसंस्थेचं प्रथिन) आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (एक प्रकारची अँटीबॉडी) मोजून घ्या. क्रायोग्लोब्युलिन चालू असतील तर सी-४ बरेचदा स्पष्टपणे खाली असतं आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह असतो. उबेच्या तपासणीत काही सापडलं नाही, पण सी-४ तळाला आहे आणि ठिपके येतात, अशा वेळी ती तपासणी आणखी एकदा करण्यात अर्थ आहे. लघवीची साधी तपासणी, लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण, क्रिएटिनिन आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून पाहणं) हेही त्याच भेटीत उरका. शेवटची तपासणी एवढ्यासाठी की वर्षानुवर्षं चिथावलेल्या बी पेशींतून क्वचित लिम्फोमा, म्हणजे याच पेशींचा कर्करोग, उद्भवतो, आणि तो क्रायोग्लोब्युलिन टिकून राहण्याचं एक कारण असू शकतो.

ठिपके पुन्हा उठले तर त्याच दिवशी फोटो काढा. पारदर्शक काचेचा पेला ठिपक्यावर दाबा. दाबल्यावर लाली जात नसेल तर ते त्वचेत झिरपलेलं रक्त आहे. जात असेल तर दुसरं काही. डॉक्टरांच्या भेटीच्या दिवशी ठिपके नसतातच, म्हणून फोटो हवा. ताजा ठिपका असताना त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचा छोटा तुकडा तपासला तर वाहिनीचा दाह आहे की नाही याचा निकाल लागतो.

आता त्या ताकदीच्या गोळ्या. डबीच्या मागचा बारीक मजकूर वाचा आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, एका गोळीत किती आहे ते पाहा. शरीराला रोज दीड-दोन मिलिग्रॅम पुरतं. नसांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत एकेका गोळीत ५० ते १०० मिलिग्रॅम असतं. रोज दोन गोळ्या वर्षभर घेतल्या तर बी-६ स्वतःच पायांत बधिरपणा आणि जळजळ आणू शकतं, आणि ते अगदी तुमच्या आत्ताच्या त्रासासारखंच दिसतं. कमी पडलं तरी नसा बिघडतात, जास्त झालं तरी बिघडतात, असं हे जीवनसत्त्व आहे. त्रास कमी होत नाही म्हणून गोळ्या वाढवायच्या, गोळ्या वाढल्या की त्रास वाढतो, हे चक्र आम्हाला फार वेळा दिसतं. दोन गोळ्यांत मिळून बी-६ असं मोठ्या मात्रेत निघालं तर डॉक्टरांना सांगून त्या बंद करा. बंद करण्याआधी रक्तातलं बी-६ मोजता आलं तर उत्तम, नंतर मोजून उपयोग कमी. बंद केल्यावर पहिले काही आठवडे त्रास उलट वाढू शकतो. तसं झालं म्हणून घाबरून पुन्हा सुरू करू नका. सुधारणा महिन्यांच्या हिशेबात दिसते.

बी-१२ ची गोष्ट उलटी आहे, ते कमी असेल तर द्यावंच लागतं. पण गोळ्या चालू असताना मोजलेलं बी-१२ भरपूरच दिसतं, आणि यकृत बिघडलेलं असताना आधीही ते फसवं वर गेलेलं असू शकतं. शंका राहिली तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन तपासतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षं ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडतं, हे लक्षात ठेवा.

विजेची तपासणी नॉर्मल आली म्हणून नसा नॉर्मल आहेत असं होत नाही. ती तपासणी जाड, वेगवान तंतूंची असते: कंप, स्पर्श आणि स्नायूंची ताकद वाहून नेणारे. आग, टोचणं, गरम-गार ही जाणीव बारीक तंतू नेतात आणि ते या यंत्राला दिसतच नाहीत. जळजळ आहे, पांघरूण सोसत नाही आणि यंत्र नॉर्मल म्हणतं, हे चित्र बारीक तंतूंच्या विकारात नेहमीचं आहे. घरच्यांना हे एवढंच सांगा. मनाचे खेळ ठरवण्यासाठी तो रिपोर्ट पुरावा नाही. खात्री करायची असेल तर घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून साधारण १० सेंटिमीटर वर, तीन मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा नमुना घेऊन त्यातले तंतू मोजतात. प्रत्येकाला ही तपासणी लागतेच असं नाही. न्यूरॉलॉजिस्टनं टाचणी आणि गरम-गार वस्तूनं पाय नीट तपासले तरी पुष्कळ कळतं. बारीक तंतूच घाम आणि रक्तदाबही सांभाळतात. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर पाच मिनिटं आडवं पडून आणि मग उभं राहून एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना सांगा. तोंड आणि डोळे सारखे कोरडे पडत असतील तर तेही सांगा.

बाकीचे संशयित थोडक्यात. सगळ्यात पहिली साखर, कारण या विषाणूमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि मधुमेह जास्त आढळतो. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, नॉर्मल आलं तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी मोजलेली साखर पाहा. १४० ते १९९ असेल तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, आणि बारीक तंतूंना तेवढीही त्रास देऊ शकते. रक्तक्षय असेल तर एचबीए१सी वर विसंबू नका. टीएसएच करा, आणि ज्यांनी पूर्वी या आजारावरचं जुनं इंजेक्शन इंटरफेरॉन घेतलं आहे त्यांनी तर नक्कीच, कारण त्यानं थायरॉइड बिघडतो. दारू असेल तर ती थोडी नको, पूर्ण बंद. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झालेली नसेल तर करा. संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही आणि चालल्यावर बरं वाटतं असा भाग जास्त असेल तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, पाहा, तो वेगळा विकार आहे. एकाच पायात त्रास असता तर कंबरेच्या मणक्याकडे पाहिलं असतं. दोन्ही पाय सारखे आहेत म्हणून तो मागे ठेवला.

'पण १४ महिने झाले' याला आमचं उत्तर थोडं कोरडं वाटेल. मज्जातंतू सगळं जमलं तर दिवसाला एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर. घोट्यापासून बोटांपर्यंतचं अंतरच वीस-पंचवीस सेंटिमीटर. नडगीच्या मध्यापासून मेलेला धागा असेल तर हिशेब वर्षाच्या पुढे जातो, आणि तोही दाह पूर्ण थांबला त्या दिवसापासून. प्रत्यक्षात वेग याहून कमीच असतो आणि पन्नाशीनंतर आणखी कमी. सगळे तंतू परत येत नाहीत. काही जणांची आग पूर्ण जाते, काहींची निम्मी होते, काहींचा बधिरपणा कायम राहतो. तुमचं काय होईल हे आजच्या त्रासाच्या तीव्रतेवरून सांगता येत नाही, दिशेवरून सांगता येतं. म्हणून महिन्यातून एकदा, एकाच वारी, संध्याकाळी, डोळे मिटून कापसाचा बोळा बोटांपासून वर न्या. जाणीव जिथे नेहमीसारखी होते तिथे पेननं खूण करा, घोट्यापासूनचं अंतर टेपनं मोजून लिहा. त्याच रात्री झोपताना आगीला शून्य ते दहात आकडा द्या. रोज मोजू नका, रोजचे चढउतार काही सांगत नाहीत आणि मन त्यातच अडकतं. रेषा चार महिन्यांत खाली सरकली तर जखम भरते आहे. बधिर जागी नव्यानं मुंग्या येणंही कधीकधी त्याच भरण्याचा भाग असतो. रेषा वर चढली तर काहीतरी चालू आहे, मग क्रायोग्लोब्युलिन, साखर आणि गोळ्या या तिन्हींकडे पुन्हा जायचं.

क्रायोग्लोब्युलिन सापडली, सोबत ठिपके, मूत्रपिंडाचा त्रास किंवा वाढत जाणारा नसांचा विकार असेल तर रिटुक्सिमॅबसारखं बी पेशींवरचं औषध दिलं जातं. त्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, कारण ते औषध झोपलेला बी विषाणू जागा करू शकतं. नुसती प्रथिनं सापडली आणि बाकी सगळं स्थिर असेल तर बहुधा लक्ष ठेवतात, औषध देत नाहीत. हा निर्णय ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्ट मिळून घेतात. यकृताच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन दोघांकडे जा.

आगीवर औषध घ्यायला कारण सापडेपर्यंत थांबायची गरज नाही. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन यकृतातून जात नाहीत, मूत्रपिंडातून जातात, म्हणून यकृताच्या जुन्या रुग्णांत ती आधी विचारात येतात. गॅबापेंटिन रात्री १०० ते ३०० मिलिग्रॅमपासून किंवा प्रीगॅबालिन ७५ पासून सुरू करून दर काही दिवसांनी वाढवतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी. सुरुवातीला गुंगी येते, पावलांना सूज येऊ शकते. अचानक बंद करायची नाहीत. ड्युलॉक्सेटिन ३० वरून ६० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं चालतं, पण सिरॉसिस असलेल्यांनी किंवा दारू पिणाऱ्यांनी ते टाळावं. तुमचं यकृत आता कसं आहे ते पाहून डॉक्टर ठरवतील. ॲमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमनं झोपेलाही मदत करतं. काचबिंदू, हृदयाची अनियमित लय किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर नको. पुष्कळांचं औषध फसतं ते अपुऱ्या मात्रेत आठ दिवस घेऊन सोडल्यामुळे. पुरेशा मात्रेवर चार ते सहा आठवडे झाल्याशिवाय ते निकामी म्हणू नका. थोड्या जागेत आग असेल तर ०.०७५ टक्के कॅप्सेसिनचं मलम दिवसातून तीन-चार वेळा. पहिला आठवडाभर ते जास्तच जळतं, आणि लावल्यावर हात साबणानं धुतले नाहीत तर डोळ्यांत जातं. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या आगीवर उपयोग होत नाही, त्या उगाच पोटात आणि मूत्रपिंडात जातात.

पायांना गार वाटावं म्हणून बर्फात किंवा बर्फाच्या पाण्यात पाय बुडवू नका. आग शमते, पण तुमच्या रक्तात ती प्रथिनं असतील तर थंडीच त्यांना साकळवते. पाय कोमट ठेवा, गार फरशीवर अनवाणी चालू नका. गरम पाण्याची पिशवीही नको, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. अंघोळीचं पाणी कोपरानं बघा. पांघरूण सोसत नसेल तर पायाशी एक खोकं ठेवून त्यावरून पांघरूण टाका, म्हणजे ते तळपायांना लागत नाही. रोज रात्री तळवे आरशात पाहा आणि बूट घालण्याआधी आत हात घालून बघा.

पाऊल उचलताना बोटं घासायला लागली, मनगट किंवा पाऊल अचानक लटकं पडलं, अशक्तपणा दोन-चार दिवसांत पायांतून वर चढू लागला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी इस्पितळात जा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. लघवी फेसाळ किंवा लालसर होणं, पायांवर सूज, नवे ठिपके आणि त्यांच्या जागी जखमा, कारणाशिवाय वजन उतरणं, रात्री घामानं भिजणं, मान किंवा काखेत गाठी, यांसाठी आठवड्याभरात डॉक्टरांना दाखवा आणि जाताना उपचारांआधीचे सगळे रिपोर्ट, गोळ्यांच्या डब्या आणि ठिपक्यांचे फोटो सोबत न्या.